पीएस५ आणि स्विच ओलेडच्या अ‍ॅक्सेसरीज: काय टिकले, काय वाया गेले

आमच्या ठाण्याच्या घरात दोन कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याची यंत्रे, आहेत. दिवाणखान्यात टीव्हीखाली २०२२ साली घेतलेला सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आहे आणि त्याच वर्षी डिसेंबरात दादा टोरांटोहून सुट्टीला आला तेव्हा त्याने भाच्यासाठी आणलेला, ओलेड पडद्याचा निन्टेन्डो स्विच आहे. पहिला आम्हा दोघांचा आणि दुसरा मुलाचा असे सुरुवातीला ठरले होते, पण आता दोन्ही तिघांचे झाले आहेत. या तीन वर्षांत दोन्ही कन्सोलसाठी मिळून आम्ही चौदा-पंधरा लहानमोठ्या वस्तू घेतल्या. त्यांतल्या पाच आज वापरात नाहीत आणि दोन तर पहिल्या आठवड्यातच बाजूला ठेवाव्या लागल्या. वाया गेलेल्या प्रत्येक वस्तूचा मागोवा घेतला तेव्हा चूक एकाच प्रकारची निघाली. वस्तू कन्सोलला नेमकी कुठे जोडली जाणार आहे आणि तिथे कन्सोल काय मागतो, हे न पाहता आम्ही खोक्यावरचे चित्र आणि किंमत पाहून ती घेतली होती. पिन, कार्डाचा खाचा, अंगठा, कान आणि काच या ठिकाणी काही ठरावीक आकडे असतात आणि ते आधी माहीत असले तर दुकानदाराला नेमके विचारता येते. म्हणून हे परीक्षण मी वस्तूंच्या क्रमाने न लिहिता त्या जागांच्या क्रमाने लिहिते आहे.

सर्वांत आधी वीज, कारण तिथली चूक वस्तूपुरती राहत नाही, ती कन्सोललाही भोवते. दादाने आणलेल्या स्विचच्या चार्जरला दोन चपट्या पिना होत्या. परदेशी वस्तू म्हणजे ११० व्होल्टची, तिला ट्रान्सफॉर्मर लागणार, असे घरात सर्वांचे मत पडले आणि नवऱ्याने बाजारात चौकशीही सुरू केली. प्रत्यक्षात चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे स्पष्ट छापलेले होते. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असल्यामुळे फक्त पिन बदलणारा साधा अ‍ॅडॉप्टर पुरेसा होता. निन्टेन्डो आपल्या देशात स्विच अधिकृतपणे विकत नाही. इथे दिसणारे बहुतेक स्विच कुणीतरी बाहेरून आणलेले किंवा आयात मालाच्या दुकानांतून घेतलेले असतात. त्यामुळे ही एक ओळ वाचण्याची सवय प्रत्येक स्विचवाल्याने लावून घ्यावी.

त्याच चार्जरवरची दुसरी ओळ आउटपुटची आहे आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. तिथे ५ व्होल्टला १.५ अँपिअर आणि १५ व्होल्टला २.६ अँपिअर असे दोन आकडे आहेत. स्विच हातात धरून खेळताना तो ५ व्होल्टवरही सावकाश चार्ज होतो, पण डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या त्याच्या स्टँडमध्ये, ठेवून टीव्हीवर खेळायचे असेल तर डॉकला १५ व्होल्ट लागतात. दिवाळीत मूळ चार्जर गावी राहिला म्हणून आम्ही घरातला मोबाइलचा चांगला जाडजूड फास्ट चार्जर डॉकला लावून पाहिला आणि टीव्हीवर चित्रच आले नाही. डॉक बिघडला अशी भीती वाटली होती, परंतु त्या चार्जरवर ५, ९ आणि १२ व्होल्ट एवढेच टप्पे होते, पुढचा १५ नव्हता. वॉटचा आकडा मोठा असला तरी १५ व्होल्टचा टप्पा नसेल तर तो चार्जर डॉकच्या उपयोगाचा नाही. नवीन चार्जर घेताना त्याच्यावर ‘१५ व्ही’ लिहिले आहे का आणि तिथे किमान २.६ अँपिअर आहेत का, एवढे पाहिले की बाकी सौदा करायला हरकत नाही.

दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त आणि छोट्या डॉकबाबत मात्र मी कडक आहे. मार्च २०१८ मध्ये स्विचच्या प्रणालीचे ५.० हे अद्ययावतीकरण आले आणि त्यानंतर काही परक्या डॉकवर लावलेले स्विच कायमचे बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. त्यांतल्या अनेक डॉकमध्ये विजेची देवाणघेवाण यूएसबी-सीच्या नियमांप्रमाणे होत नव्हती. नंतरच्या काळात चांगले डॉकही आले असतील, परंतु डॉक ही रोज लागणारी आणि कन्सोलच्या थेट पोटात वीज सोडणारी वस्तू आहे. तिच्यात वाचवलेले दीड-दोन हजार रुपये मला समाधान देणार नाहीत. प्रवासात टीव्हीला जोडायचेच असेल तर आम्ही मूळ डॉकच बॅगेत टाकतो. तो पोकळ आणि हलका असतो.

पॉवर बँक मात्र आम्ही दुसऱ्याच कंपनीची घेतली आणि ती या सगळ्या खरेदीतली सर्वांत समाधानाची वस्तू ठरली. ओलेड स्विचची बॅटरी ४,३१० एमएएचची, म्हणजे साधारण १६ वॉट-तासांची आहे आणि गेमनुसार ती साडेचार ते नऊ तास चालते. दरवर्षी मे महिन्यात आम्ही मांडवी एक्स्प्रेसने सावंतवाडीला जातो. डब्यातल्या चार्जिंगच्या पिनेवर एकाच वेळी चार मोबाइल लटकलेले असतात आणि बोगद्यांमध्ये नेटवर्क नसल्यामुळे सगळी मुले एकाच स्विचभोवती गोळा होतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास होतात. वाटेतली घट धरूनही तिच्यातून स्विच तीनदा तरी पूर्ण भरतो. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानातून नेता येते, चेक-इन बॅगेत नाही, त्यामुळे हा आकार दोन्ही प्रवासांना सोयीचा आहे. विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरचे वेगवान चार्जिंग) आउटपुटच्या ओळीत पुन्हा तो १५ व्होल्टचा टप्पा. दुसरी म्हणजे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी खूण आणि तिच्याबरोबर आर या अक्षराने सुरू होणारा क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की तो कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दुकानात उभ्या उभ्या कळते. मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात तसे केले तेव्हा पहिल्या पॉवर बँकेचा क्रमांक अ‍ॅपमध्ये सापडला नाही. दुकानदाराने वाद न घालता ती परत कपाटात ठेवली आणि “ताई, मग ही घ्या, थोडी महाग आहे, पण बिलासकट देतो,” असे म्हणून दुसरी काढून दिली. तीच आज आमच्याकडे आहे.

पीएस५चा वीजपुरवठा कन्सोलच्या आतच असल्यामुळे त्याला चार्जर नाही. त्याची वायर जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तशी आठाच्या आकड्याच्या पिनेची आहे. पहिल्या मॉडेलची विजेची कमाल मागणी ३५० वॉट लिहिलेली आहे, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम दीड अँपिअर. त्यामुळे वायर हरवली तर चांगल्या प्रतीची साधी वायर चालते, ‘गेमिंग पॉवर केबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड वेणीदार वायरीचा काहीही उपयोग नाही. खर्च करायचा असेल तर तो स्पाइक गार्डवर करावा. पावसाळ्यात वीज जाऊन येण्याच्या क्षणी येणारा विजेचा झटका तो स्वतःवर घेतो, मात्र तो पूर्ण काम करावा यासाठी भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंग नीट असले पाहिजे. आमच्या बोर्डाची तिसरी पिन नुसती शोभेची आहे, हे इलेक्ट्रिशियनने दिवा लावून दाखवले तेव्हा कळले. त्याआधी दोन वर्षे आमचा स्पाइक गार्ड बहुतांशी एक्स्टेन्शन बोर्डाचेच काम करत होता. पुढे आम्ही ६०० व्हीएचा छोटा यूपीएसही घेतला. तो टीव्ही आणि पीएस५ मिळून काही मिनिटेच ओढतो, पण गेम सेव्ह करून कन्सोल रीतसर बंद करायला तेवढी पुरतात. साठवणूक चालू असताना वीज गेली तर सेव्ह बिघडण्याचा धोका असतो, म्हणून जिथे वीज वारंवार जाते तिथे नव्या कंट्रोलरच्याही आधी मी हा खर्च करायला सांगेन.

आता साठवणूक. इथे आम्ही सरळ सरळ फसवलो गेलो. ओलेड स्विचमध्ये ६४ जीबी जागा आहे आणि तीन मोठे गेम उतरवले की ती संपते. मुलाच्या वाढदिवसाला आम्ही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ५१२ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड बाजारभावाच्या निम्म्या किमतीत मागवले. पाकीट नामांकित कंपनीचे दिसत होते, स्विचने कार्ड ओळखले, जागाही ५१२ दाखवली. दोन गेम व्यवस्थित चालले, तिसरा उतरवल्यावर पहिल्या गेमच्या चित्रावर ‘डेटा खराब झाला आहे’ असा संदेश आला. कार्ड लॅपटॉपला लावून एच२टेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने पूर्ण भरून तपासले तेव्हा त्यातली खरी जागा ३२ जीबीपेक्षा कमी निघाली. अशा कार्डात आकडा खोटा कोरलेला असतो आणि खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो. विक्रेत्याने पैसे परत केले, परंतु उतरवलेले गेम आणि दोन रात्री गेल्या. एका गोष्टीने मात्र धीर दिला. स्विच खेळाडूची प्रगती, म्हणजे सेव्ह, कार्डावर ठेवत नाही, ती कन्सोलच्या आतल्या जागेतच राहते, त्यामुळे मुलाचे महिन्याभराचे खेळणे वाचले.

त्यानंतर आम्ही बिल देणाऱ्या दुकानातून २५६ जीबीचे यू३ या वेगाच्या वर्गाचे कार्ड घेतले आणि घरी आल्याबरोबर आधी लॅपटॉपवर पूर्ण तपासले. स्विचसाठी यापेक्षा वेगवान कार्डावर पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण त्याचा खाचा यूएचएस-१ प्रकारचा आहे आणि सेकंदाला साधारण ९५ मेगाबाइटच्या पुढचा वेग त्याला वापरताच येत नाही. कॅमेऱ्यावाल्यांसाठीची तिप्पट किमतीची कार्डे इथे तेवढ्याच वेगाने धावतात. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २चा विषय वेगळा आहे. त्याला गेमसाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस या नव्या प्रकारचेच कार्ड लागते, जुन्या कार्डावरून फक्त टिपलेली चित्रे आणि व्हिडिओ घेता येतात. दोन्ही कार्डे आकाराने सारखीच असल्यामुळे दुकानात गफलत सहज होते. एक्स्प्रेस कार्डावर ‘ईएक्स’ ही अक्षरे असतात, ती पाहावीत.

पीएस५च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी लिहिलेले असले तरी गेमसाठी सुमारे ६६७ जीबीच मिळतात. यूएसबीला लावलेल्या हार्ड डिस्कवर पीएस५चे गेम नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. पीएस४चे गेम मात्र तिथूनही चालतात. म्हणून ज्यांच्याकडे जुने गेम अधिक आहेत त्यांना साधी हार्ड डिस्क पुरते आणि नवे गेम अधिक असतील तर आत बसणारी एम.२ एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे पट्टीच्या आकाराची वेगवान डिस्क, घ्यावी लागते. तिच्यासाठी सोनीने तीन अटी सांगितल्या आहेत: ती चौथ्या पिढीच्या पीसीआयई प्रकारची असावी, वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० मेगाबाइट किंवा अधिक असावा आणि तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक असावा. चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे उंची. हीटसिंकसकट एसएसडी ११.२५ मिलिमीटरपेक्षा जाड असता कामा नये. आम्ही पहिल्यांदा आणलेली एसएसडी वेगात उत्तम होती, पण तिच्या पाठीवर संगणकासाठीचा उंच हीटसिंक होता आणि पीएस५च्या खाच्यावरचे झाकण तिच्यावर बसेना. ती नवऱ्याच्या संगणकात गेली आणि आम्ही सपाट हीटसिंकची दुसरी आणली. बसवायला वीस मिनिटे लागली. बाजूचे पांढरे आवरण सरकवून काढायचे, एक स्क्रू सोडून झाकण उचलायचे, लहानसा गोल आधार एसएसडीच्या लांबीप्रमाणे पुढच्या भोकात हलवायचा, एसएसडी तिरकी घालून दाबायची आणि स्क्रू परत बसवायचा. कन्सोल चालू केल्यावर तो स्वतःच ती फॉरमॅट करतो आणि तिचा वेग पडद्यावर दाखवतो. आमची ६,००० च्या वर दिसली तेव्हा मुलाने टाळ्या वाजवल्या.

कंट्रोलरच्या बाबतीत सगळी चर्चा शेवटी स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीवर, येऊन थांबते. आमच्या पीएस५च्या मूळ ड्युअलसेन्स कंट्रोलरची डावी स्टिक दीड वर्षाने बिघडली. फुटबॉलच्या गेममध्ये कुणी हात न लावता बचावपटू हळूहळू बाजूच्या रेषेकडे चालू लागला. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखीच त्याची रचना असते. कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते, वर्षानुवर्षे घासून पट्टी झिजते आणि स्टिक मध्यावर असतानाही चुकीचा आकडा जाऊ लागतो. १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या स्टिकमध्ये ही झीज नसते, कारण तिथे चुंबक आणि संवेदक एकमेकांना स्पर्शच करत नाहीत. ही कल्पना नवी नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच अशी स्टिक होती, मध्यंतरी खर्च वाचवण्यासाठी ती बाजूला पडली.

स्विचसाठी हा पर्याय आज सहज मिळतो. आम्ही ८बिटडू कंपनीचा अल्टिमेट ब्लूटूथ हा हॉल-इफेक्ट स्टिकचा कंट्रोलर घेतला, त्याला दोन वर्षे होत आली आणि मध्यबिंदू जराही सरकलेला नाही. स्विचच्या सिस्टम सेटिंगमध्ये स्टिक जुळवण्याचे पान आहे. तिथे स्टिक सोडल्यावर खूण बरोबर मधोमध परत येते की नाही हे दिसते आणि मी दर दोन-तीन महिन्यांनी ते पाहते. त्याचा छोटा चार्जिंग डॉक सोबतच येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. उणीव एवढीच की निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरसारखी ४० तास चालणारी बॅटरी आणि अमिबो, म्हणजे निन्टेन्डोच्या चिप असलेल्या बाहुल्या, वाचण्याची सोय यात नाही. अमिबो वापरणाऱ्या घराने प्रो कंट्रोलरच घ्यावा. वापरत नसाल तर कमी पैशांत हा अधिक टिकेल, असे माझे ठाम मत आहे.

पीएस५वर निवड इतकी मोकळी नाही. पीएस५च्या गेमना अधिकृत किंवा परवानाप्राप्त कंट्रोलरच चालतो. पीएस४चा जुना ड्युअलशॉक ४ जोडला जातो खरा, पण त्याने फक्त पीएस४चे गेम खेळता येतात. २०२३ मध्ये आलेल्या ड्युअलसेन्स एजमध्ये पोटेन्शिओमीटरच आहे, मात्र बिघडलेली स्टिक सुटी काढून नवी बसवता येते. त्याची किंमत पाहता आम्ही तो घेतला नाही. आम्ही जुना कंट्रोलर दुरुस्तीला दिला. कारागिराने पाठ उघडून स्टिकचा सगळा ठोकळा टाके सोडवून काढला आणि नवा बसवला. नव्या कंट्रोलरच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ होता. पहिल्यांदा आणला तेव्हा स्टिक मधोमध येत नव्हती, कारण नवा ठोकळा जुळवून घ्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत त्यांनी तो लॅपटॉपला जोडून जुळवून दिला. दुरुस्तीला देताना ‘बसवून कॅलिब्रेट करून द्याल ना?’ हा प्रश्न आधीच विचारावा, एक फेरी वाचते.

कंट्रोलर चार्ज करण्याच्या स्टँडचे दोन प्रकार मिळतात. सोनीचा स्वतःचा स्टँड कंट्रोलरच्या खालच्या दोन धातूच्या ठिपक्यांना टेकतो आणि यूएसबीची पिन मोकळी राहते. स्वस्त स्टँडबरोबर नखाएवढे तुकडे येतात, ते यूएसबीच्या पिनेत कायमचे खोचून ठेवायचे असतात. आम्ही आधी तो घेतला. घाईत कंट्रोलर तिरका ठेवला गेला की तो तुकडा पिनेला पिळ देई आणि तिसऱ्या महिन्यात ती पिन सैल झाली. पन्नास-शंभर रुपयांच्या तुकड्यापायी सहा हजारांच्या आसपासच्या कंट्रोलरची पिन घालवणे हा वाईट व्यवहार झाला. आता साध्या केबलने चार्ज करतो. माझ्या दिरांकडे एक्सबॉक्स सीरिज एस आहे, त्याच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात. त्यांनी परत चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे चार चांगले सेल आणि त्यांचा चार्जर घेतला आहे. दोन कंट्रोलरमध्ये, दोन चार्जरवर, अशी ती पाळी तीन वर्षे बिनतक्रार चालू आहे, आणि सेल जुने झाले तर कंट्रोलर टाकावा लागत नाही. मला ती रचना आपल्याहून शहाणपणाची वाटते.

कानाच्या बाबतीत थोडक्यात सांगते. मुलाने हौसेने त्याचा ब्लूटूथ नेकबँड पीएस५ला जोडायला घेतला आणि तो जोडलाच गेला नाही, कारण पीएस५ ब्लूटूथ हेडफोन थेट स्वीकारत नाही. त्यासाठी स्वतःचा यूएसबी तुकडा असलेला हेडसेट लागतो. स्विचला सप्टेंबर २०२१ मध्ये ब्लूटूथ आवाजाची सोय मिळाली, परंतु ती चालू असताना दोनच बिनवायरी कंट्रोलर जोडता येतात, माइक चालत नाही आणि आवाज किंचित मागे राहतो. ताल पकडण्याच्या गेममध्ये हा उशीर लगेच जाणवतो. ड्युअलसेन्सलाही ३.५ मिलिमीटरची पिन आहे आणि स्विचलाही. माइक असलेला वायरचा एक चांगला इअरफोन दोघांनाही पुरतो, उशीर शून्य आणि बॅटरीची चिंता नाही. आमच्याकडे तोच आहे. महाग गेमिंग हेडसेट मी दुकानात दोनदा कानाला लावून पाहिला; मे महिन्याच्या उकाड्यात ती जाड गादी अर्धा तासही सहन होणार नाही हे लक्षात आले.

ओलेड स्विचच्या काचेवर कारखान्यातूनच एक पारदर्शक पापुद्रा लावलेला असतो. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून तो आहे आणि तो काढू नका, असे निन्टेन्डोने बजावले आहे. नव्या मोबाइलवरचे प्लॅस्टिक समजून माझ्या मुलाने त्याचा कोपरा नखाने उचलायला घेतला होता, मी वेळेवर पाहिले. टेम्पर्ड ग्लास त्या पापुद्र्यावरच लावायची असते आणि ती घेताना ओलेडची सात इंची आहे ना, हे विचारावे, कारण मूळ स्विचची ६.२ इंची असते. लावायला आम्ही न्हाणीघर वापरले. गरम पाणी दोन मिनिटे सोडून वाफ धरू दिली की हवेतली धूळ खाली बसते. मग दार लावून, हात कोरडे करून, स्विच स्टुलावर ठेवला, ओल्या आणि नंतर कोरड्या फडक्याने पडदा पुसला, सोबत आलेल्या चिकट कागदाने उरलेले कण टिपले आणि काच एका कडेपासून अलगद सोडली. मधोमध एकही बुडबुडा राहिला नाही. दुकानात रस्त्यालगतच्या काउंटरवर लावून घेतलेल्या आधीच्या काचेखाली पाच कण होते, ते शेवटपर्यंत दिसत राहिले.

पाऊच घेताना स्टिकच्या वर पोकळी आहे का, ते पाहावे. झाकण बंद केल्यावर स्टिक दाबल्या जात असतील तर तो पाऊच कितीही कडक आणि देखणा असला तरी नको. ओलेड स्विच मूळ स्विचपेक्षा फक्त ३ मिलिमीटरने लांब आहे, त्यामुळे जुना पाऊच चालतो, पण घट्ट बसणारी पकड किंवा कव्हर चालत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊचमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात, आणि कन्सोल बरेच दिवस वापरणार नसाल तर त्याची बॅटरी सहा महिन्यांतून एकदा तरी भरावी, तशी निन्टेन्डोची सूचनाच आहे. पीएस५ला मागून लावायचे यूएसबी पंखे आम्ही घेतले नाहीत आणि घ्यावेत असे मला वाटत नाही. भिंतीपासून १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली, बाजूचे आवरण काढून धूळ साचण्याची दोन भोके तीन-चार महिन्यांनी व्हॅक्यूमने साफ केली की त्याचा स्वतःचा पंखा पुरेसा असतो. कापडी झाकण मात्र उपयोगी आहे. खेळ संपून कन्सोल निवल्यावरच ते घालायचे, हा घरातला नियम आहे.

एचडीएमआय केबलवर पैसे घालू नयेत. पीएस५च्या खोक्यातच ४के १२० हर्ट्झला पुरेल अशी केबल येते, आणि टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर तीही गरजेपेक्षा मोठी आहे. लांब केबल लागलीच तर खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ अशी क्यूआर कोडची चिकटपट्टी आहे का ते पाहावे. सोन्याचा मुलामा, वेणीदार आवरण यांनी चित्रात फरक पडत नाही.

सध्या एक काम राहिले आहे. स्विचसोबत आलेल्या डाव्या जॉय-कॉनची, म्हणजे बाजूला अडकवायच्या छोट्या कंट्रोलरची, स्टिक गेल्या महिन्यापासून वरच्या दिशेला किंचित सरकते आहे, जुळवण्याच्या पानावर खूण मध्यापासून एक बोटभर दूर थांबते. गुलिकिट कंपनीच्या हॉल-इफेक्ट स्टिकची जोडी मागवली आहे. जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, त्यासाठीचा बारीक ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवला आहे, आणि आतली चपटी पट्टी कशी सोडवायची ते मुलाने आधीच दोनदा पाहून ठेवले आहे. सुट्टी लागली की पहिल्या रविवारी दोघे मिळून ते उघडणार आहोत.